घरकुल, हातगाडी आणि जागेचा प्रश्न

१

शासननिर्णय हा काही साहित्यप्रकार नव्हे. तरीही त्याची समीक्षा साहित्याच्या नियतकालिकात व्हावयास हवी, असे माझे मत आहे. ज्या भाषेत आपल्याविषयी लिहिले जाते त्या भाषेत आपले स्थान ठरत असते, हे दलित साहित्याने गेल्या साठ वर्षांत वारंवार दाखवून दिले आहे. प्रस्थापित कथा-कादंबरीने कीव करण्यासाठी उभा केलेला 'बिचारा' महार-मांग आपण नाकारला. 'हरिजन' हा शब्द नाकारला. मात्र शासनाच्या कागदातला 'लाभार्थी' आपण बिनतक्रार स्वीकारला आहे. आपल्याच वस्तीतला कार्यकर्ता आज सहज विचारतो, "तुमच्या वॉर्डात लाभार्थी किती?" हा प्रश्न विचारताना आपण काय बोलतो आहोत, हे त्याच्या लक्षात येत नाही.

लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. ज्याचा हक्क असतो तो हक्कदार. या दोन शब्दांत एका पिढीच्या संघर्षाचे अंतर आहे. 'अनुदान' हा दानाच्याच कुळातला शब्द. 'वाटप' हा जत्रेतल्या प्रसादाला शोभणारा शब्द. पण घरकुलांचे वाटप होते, शिलाई यंत्रांचे वाटप होते, कर्जाच्या धनादेशांचेही वाटप होते आणि त्याचे छायाचित्र छापून येते. 'घरकुल' तर लाडाने लहान केलेले घर. लोणावळ्याच्या बंगल्याला कोणी 'बंगलुकले' म्हणत नाही. घर लहान करावयाचे ते फक्त आमचे.

या शब्दांवर मी केवळ भाषेच्या हौसेपोटी बोट ठेवीत नाही. या सर्व शब्दभांडारात एक साधा शब्द सापडत नाही, आणि सापडला तर तो अटींच्या यादीत सापडतो. तो शब्द म्हणजे 'जागा'. घर बांधण्यास पैसा आहे, जागा अर्जदाराने दाखवावयाची. धंद्यास कर्ज आहे, धंद्याची जागाही अर्जदाराने दाखवावयाची. ज्याच्यापाशी जागा नाही म्हणूनच तो दरिद्री आहे, त्याच्याकडेच ती मागणारी ही योजना आहे. ही कारकुनाच्या हातून झालेली चूक म्हणता येणार नाही. ज्या समाजव्यवस्थेने माणसांना गावकुसाबाहेर जागा नेमून दिली आणि ती जागाही त्यांच्या नावे केली नाही, त्या व्यवस्थेचे हे आजचे, सभ्य, छापील रूप आहे. हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे.

२

मी मावळ तालुक्यातील एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घराण्यातला पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या वर्गात पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतली मुले येतात. लोणावळ्याच्या टेकड्यांच्या उतारावरची आणि रेल्वेच्या हद्दीलगतच्या वस्त्यांतली येतात. बौद्ध, मातंग, चर्मकार, कातकरी, ठाकर. यांतली निम्मी मुले शनिवार-रविवारी वर्गाचे तोंड विसरतात. कोणी हॉटेलात ताटे उचलतो, कोणी पर्यटकांना मक्याची कणसे भाजून देतो, कोणी बंगल्याच्या हौदाची सफाई करतो. सोमवारी हजेरीच्या वेळी त्यांचे डोळे लाल असतात.

मावळात जागा नाही, असे कोणी म्हणू नये. येथे प्रत्येक काळात प्रत्येक सामर्थ्यवानास जागा मिळालेली आहे. इंग्रजांच्या रेल्वे कंपनीला घाटमाथ्यावर मिळाली. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाला तलावांसाठी मिळाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. लष्करी कोठारांना देहूरोडला मिळाली, पवना धरणाला मिळाली, द्रुतगती महामार्गाला, तळेगावच्या औद्योगिक क्षेत्राला आणि सर्वांत शेवटी मुंबई-पुण्याच्या दुसऱ्या घरवाल्यांना मिळाली. पहिले घर असताना दुसरे घर बांधणाऱ्यांचा हा तालुका आहे. त्या दुसऱ्या घराचा चौथरा घालणारा गवंडी आमच्या वस्तीतला असतो आणि त्याचे पहिले घर अजून 'प्रस्तावित' असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळातला शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे महामार्गावर उतरला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मारले गेले. त्या शेतकऱ्यांचे दुःख खरे होते आणि त्यांचा लढा न्याय्य होता. परंतु त्यांच्या लढ्याला 'प्रश्न' म्हणून मान्यता मिळाली, कारण त्यांच्यापाशी सातबारा होता. ज्याच्या नावावर सातबारा असतो त्याचे विस्थापन होते. ज्याच्या नावावर नसतो त्याचे अतिक्रमण हटवले जाते. माणूस तसाच असतो आणि भांडीकुंडी रस्त्यावर येतात तीही तशीच. फक्त शब्द निराळा असतो. भरपाई मिळते ती शब्द बघून.

३

आता घराच्या योजना पाहू. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली, तीही प्रथम अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांच्यासाठी. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. राज्याची रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. घराचे क्षेत्र २६९ चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातील मूळ रकमा सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. रमाई योजनेत शहरी घरासाठी अडीच लाख. ज्या रमाईंचे संसारी आयुष्य बहुतांशी परळच्या चाळीतल्या खोलीत गेले त्यांचे नाव या योजनेला दिले आहे. नावाला माझा आक्षेप नाही. परंतु ज्यांच्या नावाची पाटी लावतो त्यांच्या दारिद्र्याचे कारणही त्या योजनेने समजून घेतले पाहिजे.

या रकमा अपुऱ्या आहेत, ही नेहमीची तक्रार. सिमेंट, वाळू, गज यांचा बाजारभाव ज्याला ठाऊक आहे त्याला ती पटेल. पण रक्कम दुप्पट केली तरी मूळ गाठ सुटत नाही. अर्जाबरोबर जागेचा पुरावा लागतो. आमच्या लोकांच्या हातात बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. आमच्या घरी तो पत्र्याच्या पेटीत, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या खाली ठेवलेला असे. वडील त्याला 'घराचा कागद' म्हणत. वस्तुतः नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर भरल्याची ती साक्ष देते, मालकीची देत नाही. तीन पिढ्या घरपट्टी भरायची आणि चौथ्या पिढीला कळायचे की आपण फक्त पट्टी भरीत होतो, घर आपले नव्हतेच.

ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्याने २०१५ साली जागा खरेदीला अर्थसाह्य देणारी योजना काढली. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा आणि कमाल ५० हजार रुपये. पुढे ही मर्यादा १ लाखावर नेण्यात आली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागेसाठी १ लाख. कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव ज्यांनी ऐकला आहे त्यांनी हसावे की रडावे, हे त्यांनीच ठरवावे. आणि पैसे जमले तरी १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येई; अर्ध्या गुंठ्याचे खरेदीखत नोंदवणार कोण? घरकुलासाठी त्या नियमातून सवलत मिळाली ती २०२४ साली. एका हाताने जागेसाठी पैसे देणारे आणि दुसऱ्या हाताने ती जागा घेऊ न देणारे सरकार एकच होते. नऊ वर्षे हे दोन्ही हात एकमेकांना भेटले नाहीत.

गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक देण्यासाठी ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. २०२० पासून 'स्वामित्व' या नावाने तो देशभर गेला. ही मोजणी महत्त्वाची आहे, हे मी मान्य करतो. पण ड्रोन गावठाणाच्या हद्दीत फिरतो. गायरानावर वाढलेली वस्ती, वनखात्याच्या कडेला बसलेली कातकरवाडी, जुन्या मालकाच्या बांधावरची झोपडी त्या हद्दीबाहेर राहते. गावकूस पडले असे आपण म्हणतो. ते नकाशावर अजून उभे आहे.

कायद्यात काहीच नव्हते, असे नाही. १९४८ च्या कुळकायद्यात कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांच्या राहत्या घराच्या जागेला संरक्षण आहे. १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याने महार वतनाच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून नवीन शर्तीवर परत देण्याची तरतूद केली. वतनाची गुलामगिरी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. गुलामगिरी गेली ते चांगलेच झाले. पण जमिनीचे काय झाले? जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता न येणारी ही जमीन पुण्याच्या भोवती कशी कशी हातोहात गेली, याची चर्चा २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतन जमिनीच्या व्यवहारामुळे राज्यभर झाली. ती चर्चा राजकीय नावांभोवती फिरली आणि थांबली. ज्या कुटुंबांची ती वतने होती त्यांची आजची पिढी कोणत्या घरात राहते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

४

धंद्याची कथा याहून वेगळी नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले, अण्णाभाऊ साठे महामंडळ १९८५ साली. बीजभांडवल योजनेचे गणित आमच्या मुलांना पाठ असते: ५ टक्के अर्जदाराचे, २० टक्के महामंडळाचे, ७५ टक्के बँकेचे. म्हणजे शिफारस महामंडळाची आणि निर्णय बँकेचा. बँकेत गेल्यावर तोच प्रश्न पुन्हा येतो: दुकानाची जागा कोणाची? भाडेकरार आहे का? तारण काय? माझ्या एका नातलगाची फाइल एका बँकेत अकरा महिने पडून होती. महामंडळाचे पत्र होते, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र होते, यंत्राचे दरपत्रक होते. गाळा नव्हता. गाळ्याच्या मालकाला करार करावयाचा होता, पण आडनाव ऐकल्यावर त्याच्या पुतण्याला तोच गाळा अचानक लागू लागला.

गाळा नाही म्हणून माणूस रस्त्यावर येतो. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. नगर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत, सर्वेक्षण व्हावे, सर्वेक्षणापूर्वी कोणाला उठवू नये, असे तो सांगतो. कायदा चांगला आहे. पण त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की रेल्वेच्या मालकीच्या जागांना तो लागू नाही. लोणावळा हे रेल्वेने वाढवलेले गाव आहे. स्थानकाभोवतीची जागा रेल्वेची. पावसाळ्यात सारी मुंबई जिथे लोटते ते भुशी धरणही रेल्वेचेच, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतरच्या दिवसांत परिसरातले स्टॉल पाडण्यात आले. पर्यटकांचा जीव वाचलाच पाहिजे. त्याविषयी दुमत नाही. पण पाण्याच्या धोक्याचे उत्तर चहाच्या टपरीने का द्यावे? टपरीवाल्याला दुसरी जागा नेमून दिल्यावर टपरी हलवणे याला नियोजन म्हणतात. जागा न देता हलवणे याला काय म्हणावे, ते वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या जुलैत माझ्या वर्गातल्या दोन मुली फी भरू शकल्या नाहीत.

२०२० पासून फेरीवाल्यांना 'स्वनिधी' योजनेतून विनातारण कर्ज मिळू लागले. पहिली रक्कम १० हजार होती, २०२५ मध्ये ती १५ हजार करण्यात आली. सावकाराच्या दैनंदिन व्याजापेक्षा हे शंभर पटीने बरे. परंतु कर्ज हातात पडले आणि उद्या गाडी उचलली गेली तर काय उरते? जागा जाते, हप्ता राहतो.

शिवाय घर आणि धंदा या दोन गोष्टी गरिबाच्या आयुष्यात वेगळ्या नसतातच. माझी आई आठवडे बाजारात सुकट-बोंबील विकायची. बाजारात तिची जागा म्हणजे गोणपाटाची लांबी. उशीर झाला की तीही दुसऱ्याची. उरलेले सहा दिवस माल घरात असायचा, निवडणे घरात व्हायचे, उधारीची वही घरातल्या खुंटीला टांगलेली असायची. आमचे घर हेच कोठार, तेच दुकान आणि त्याच्याच एका कोपऱ्यात माझा अभ्यास. शासनाने मात्र घराची फाइल एका खात्यात आणि धंद्याची दुसऱ्या खात्यात ठेवली. २६९ चौरस फुटांच्या नकाशात ओटा नाही, माल ठेवावयास माळा नाही. शहरात तर वस्ती पाडून इमारत बांधतात आणि माणसाला चौथ्या मजल्यावर चढवतात. चौथ्या मजल्यावर हातगाडी चढत नाही. मग तो खोली भाड्याने देतो आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला झोपडी टाकतो. आणि वर्तमानपत्र लिहिते की या लोकांना फुकट घरे दिली तरी ती विकून खातात. घर त्याने विकलेले नसते. त्याने हातगाडीजवळची जागा पत्करलेली असते.

५

आपल्या साहित्याने हा प्रश्न कसा पाहिला? बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. परगावी नोकरीला गेलेला तरुण, आसऱ्यासाठी झाकलेली जात आणि ती उघड झाल्यावर बसलेला मार हे त्या शीर्षककथेचे सार आहे. त्याच्याही आधी, १९१७ साली, परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास घर मिळाले नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. दलित साहित्यातले घर हे असे नाकारलेल्या घरापासून सुरू होते. दया पवारांच्या 'बलुतं'मधला कावाखाना, अण्णाभाऊ ज्या झोपडीत बसून लिहीत ते घाटकोपरचे चिरागनगर, या जागा आता मराठी साहित्याच्या भूगोलात कायमच्या झाल्या आहेत.

पण नाकारलेल्या घराचे जेवढे लिहिले गेले तेवढे नावावर न झालेल्या घराचे लिहिले गेले नाही. तलाठ्याच्या कचेरीतले हेलपाटे, फेरफार, नमुना ८ आणि सातबारा यांतला फरक प्रथम कळतो तो दिवस, बँकेच्या खुर्चीसमोरचा घाम, हे अनुभव आपल्या कथेत अद्याप तुरळक आहेत. मार खाण्यात नाट्य आहे, हेलपाट्यात नाही, असे लेखकाला वाटत असावे. मला ते पटत नाही. आजची अस्पृश्यता बहुतेक वेळा काठी घेऊन येत नाही. ती 'कागद अपुरे आहेत' असा शेरा मारून येते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी वडापावची गाडी लावली तेव्हा गाडीवर बाबासाहेबांचे नाव घालावे अशी मुलाची इच्छा होती. बापाने नाव घातले 'साई'. शिजवलेले अन्न विकावयाचे तर गिऱ्हाईक आधी पाटी वाचते, हे बापाला ठाऊक होते. बागुलांच्या नायकाने खोलीसाठी चोरलेली जात आज गाडीच्या पाटीवर चोरावी लागते. ही कथा अजून लिहिली जावयाची आहे.

छोट्या धंद्याने साहित्याला काय दिले, याचे एक उदाहरण मात्र आपल्यापाशी आहे आणि आपण त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. बेबीताई कांबळे यांचे फलटणला छोटे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दी त्या गल्ल्यावर बसून वाचीत. घरच्यांच्या नजरेआड, त्याच गल्ल्यावर बसून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिले. ते आधी 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्या दुकानाने किती नफा मिळवला, हे मला महत्त्वाचे वाटत नाही. त्याने एका दलित बाईला बसावयास जागा दिली. जिथून कोणी उठ म्हणणार नाही, अशी जागा. महामंडळाच्या अहवालात अशा जागेसाठी रकाना नसतो.

मावळात हीच गोष्ट दगडावर लिहिलेली आहे. कार्ल्याच्या चैत्याला तिथल्या शिलालेखांत 'घर' म्हटले आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते शैलघर पूर्ण केले, असा एक लेख आहे; पण त्याच्याबरोबरीने धेनुकाकटच्या एका सुताराने आणि एका गंध्याने घराचे द्वार घडवून दिल्याच्या नोंदी आहेत, नावानिशी. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी दार करणाऱ्या सुताराचे नाव दारावर राहिले. आमची मुले सहलीला जाऊन 'लेणी आपली' असा अभिमान बाळगतात. तो अभिमान रास्त आहे. पण त्या सुताराच्या नावाचा अर्थ त्यांना कोणी तरी सांगितला पाहिजे: ज्याचे काम त्याचे नाव.

६

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ज्यांच्या नावावरून १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांभोवती १९३० च्या दशकात गृहकर्जाच्या सरकारी नकाशांवर तांबडा रंग भरला गेला. तांबड्या भागात कर्ज देणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ. घर नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून धंदा नाही. पुढे लोकांनी चळवळ केली आणि ज्या वस्तीच्या ठेवी घेता त्या वस्तीला कर्जही द्या, असे बँकांना बजावणारा कायदा १९७७ साली झाला. आपल्याकडे नकाशाला रंग भरण्याची गरज पडली नाही. वस्तीचे नावच पुरते. बांगलादेशातील ग्रामीण बँकेने घरासाठी कर्ज देताना एक अट घातली: घराखालची जागा कर्जदार बाईच्या नावावर हवी; नसेल तर नवऱ्याने आधी ती करून द्यावी. सूक्ष्मकर्जाचा फास कसा बसतो, ते २०१० साली आंध्रात दिसलेच. म्हणून त्या मार्गाचे मी गुणगान करणार नाही. पण ती अट मला मोलाची वाटते. तिने भिंतीच्या आधी जमीन पाहिली आणि जमिनीवर बाईचे नाव पाहिले.

आपल्या चळवळीलाही हे नवीन नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीन माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांच्या नावाची सबलीकरण योजना २००४ पासून आहे: भूमिहीनांना ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायत. मावळात योजनेच्या दराने जमीन विकावयास कोण तयार आहे? सत्याग्रहाचे नाव योजनेला मिळाले आणि सत्याग्रह बंद झाला.

आम्ही गरीब आहोत, आम्ही काय करणार, हे उत्तर मला मान्य नाही. याच तालुक्यात, तळेगावला, १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, माणशी एक एक पैसा जमवून. त्या पैशात आपल्या आजोबा-पणजोबांचा पैसा किती होता आणि भट्टीपाशी उभे राहण्याची मुभा किती जणांना होती, हा संशोधनाचा विषय आहे. पण पैसा-पैसा जमवणे आपल्यालाही येते. मावळच्या वेशीवर देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली तो विहार कष्टकऱ्यांच्या वस्तीतलाच. आजही वर्गणीतून वस्तीवस्तीत विहार उभे राहतात. त्याच विहारात महिन्यातून एक रविवार कागदांसाठी ठेवता येणार नाही काय? प्रत्येक घराचा नमुना ८, जुना वतनाचा उतारा, फेरफार, वीजबिल, जन्मदाखला एकत्र करावा. कोणाची जागा कोणत्या कायद्यात बसते ते लिहून काढावे. जागा नसलेल्यांची यादी ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. माझ्या महाविद्यालयातली मुले हे काम करू शकतात. सातबारा वाचावयास कोणत्याही पदवीची गरज नाही. पण पदवीधरांनी तो वाचावयास न शिकणे लाजिरवाणे आहे.

आणि मागणीही बदलली पाहिजे. किती घरकुले मंजूर झाली, हे मोजणे पुरे. किती कुटुंबांच्या, आणि त्यातही किती बायांच्या, नावावर जमिनीचा कागद झाला ते मोजले पाहिजे. घराबरोबर ओटा मागितला पाहिजे. हातगाडी हलवावयाची असेल तर आधी जागा दाखवा, हे नगर फेरीवाला समितीत आपल्याच माणसाने उभे राहून म्हटले पाहिजे. त्यासाठी त्या समितीच्या निवडणुकीला आपण नगरपरिषदेच्या निवडणुकीइतकेच महत्त्व दिले पाहिजे. रेल्वेच्या जागेवरील माणूस कोणत्याच कायद्यात बसत नसेल तर कायदा बदला, असा आग्रह धरला पाहिजे.

लेखकांनाही माझी एक विनंती आहे. घराचा उंबरा, चूल, आई यांवर आपण पुष्कळ लिहिले आणि चांगले लिहिले. आता उंबऱ्याखालच्या जमिनीवर लिहा. ती कोणाच्या नावावर आहे, कधीपासून आणि का, हे लिहा. 'लाभार्थी' हा शब्द लेखणीतून काढून टाका. अनुदानाची रक्कम वाढो न वाढो, एवढे तर आपल्याला आजच करता येईल.